खरी गोष्ट, पण घरातल्यांची नावं: मदत हवी आहे

नागपुरात इतवारीजवळ वाढलो. काकांचा हातमाग विकला गेला त्या दिवसाची गोष्ट लिहिली आहे. तान्हा पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा सण होता, बाहेर मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ चालू होतं आणि आत काकू मागाच्या रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या. हे दृश्य मला लहानपणापासून सोडत नाही.

महिनाअखेरीस वस्तीतल्या वाचनालयात सात मिनिटांत ती वाचून दाखवायची आहे. मजकूर साधारण 800 शब्दांचा झाला आहे.

काकूंना आधीच वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “वाच ना बाप्पा, काऊन भितं?” पण चुलतभावाला मागाच्या पैशांवरून झालेलं भांडण नको आहे. नावं बदलली, तरी गल्लीतले ओळखणारच. तृतीयपुरुषी लिहून पाहिलं, तर गोष्ट परक्याची वाटायला लागली. भांडण काढलं, तर काकू तिथे का बसल्या हेच कळत नाही. कथा म्हणून द्या, असं सुचवू नका. ती खरी आहे म्हणूनच सांगायची आहे.

आणखी एक, भांडणातले शब्द मी दाराआडून ऐकले होते, वय नऊ. भाऊ म्हणतो, तसं कुणी बोललंच नाही.

ज्यांनी घरातल्या हयात माणसांवर लिहून चारचौघांत वाचलं आहे, त्यांना विचारतो: एकाचा होकार आणि दुसऱ्याचा नकार असताना तुम्ही काय ठेवलंत, काय गाळलंत? आणि न जुळणारी आठवण वाचताना ‘मला असं आठवतं’ हे नेमकं कुठे म्हणायचं?