नर्ड, गीक यांना मराठीत काय म्हणाल?

तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर एक लेख मराठीत करतोय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलोय. त्यात स्लॅशडॉट या तंत्रज्ञान-बातम्यांच्या साइटचं ब्रीदवाक्य आहे : 'न्यूज फॉर नर्ड्स. स्टफ दॅट मॅटर्स.' १९९७ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या हॉलंड नावाच्या गावी रॉब माल्डा या कॉलेजातल्या पोराने ती साइट सुरू केली. लिनक्स या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती, नवी चिप, कोणी कोणावर खटला भरला, सगळं तिथे. तिथून एखाद्या छोट्या साइटचा दुवा दिला की गर्दीने ती आडवी व्हायची, आणि 'स्लॅशडॉट झाली' म्हणायची पद्धतच पडली.

दुसरं वाक्य सोपं आहे, 'कामाच्या गोष्टी'. पण नर्ड, म्हणजे संगणकासारख्या एखाद्या विषयात पार बुडालेला माणूस? 'तंत्रप्रेमी', 'तंत्रस्नेही', 'संगणकवेडा' असं लिहून तिन्ही खोडले. पुढे गीकही येतो. तो वेगळा धरायचा की तोच?

——

'तंत्रस्नेही' खोडलात ते बरं केलंत. तंत्रस्नेही शिक्षक म्हणजे वर्गात प्रोजेक्टर लावणारे गुरुजी. तो शब्द प्रमाणपत्रावर शोभतो. नर्ड आणि गीक या मुळात शिव्या आहेत हो!

गीकचं मूळ 'गेक', म्हणजे मूर्ख, खुळा. शेक्सपियरकडेही त्याच अर्थाने आहे. पुढे अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणारा जो खेळकरी असे, त्याला गीक म्हणू लागले. तिथून तो संगणकवाल्यांकडे आला. नर्ड त्या मानाने तरुण. १९५० साली डॉ. स्यूसच्या मुलांसाठीच्या पुस्तकात तो एका काल्पनिक प्राण्याचं नाव म्हणून छापला गेला, आणि पुढच्याच वर्षी डेट्रॉइटकडची पोरं बावळटाला नर्ड म्हणतात असं न्यूजवीकने लिहिलं.

ज्यांना या शिव्या बसल्या त्यांनीच त्या बिल्ल्यासारख्या छातीवर लावल्या. म्हणून मराठीतही आधी लागेल असाच शब्द हवा. 'प्रेमी' कोणाला लागतो?

——

सहमत. आमच्याकडे हा शब्द तयार आहे : किडा. माझा धाकटा भाऊ बारा-तेरा वर्षांचा असताना चालू रेडिओ उघडून बसायचा. पाटावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर स्क्रू ओळीने मांडलेले, आणि जोडून झाल्यावर दोन हमखास उरायचे. रेडिओ तरीही वाजायचा, हे विशेष. आई म्हणायची, "याच्या डोक्यात परत किडा वळवळला." आज तो चाळिशीचा आहे, घरातल्या राउटरवर भलतंच सॉफ्टवेअर चढवून ठेवतो आणि वहिनी तेच वाक्य म्हणते.

——

किडा छान आहे, पण लेखात घोटाळा होईल. बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, तिलाही आपण किडाच म्हणतो. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग हा किडा सापडला आणि त्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. (बग हा शब्द तिथे जन्मला असं मात्र लिहू नका. एडिसन त्याच्या कितीतरी आधी वापरत होता.) शिवाय 'पुस्तकी किडा' म्हटलं की घोकंपट्टीवाला डोळ्यांपुढे येतो.

माझं मत 'खटपट्या'ला.

——

खटपट्याला 'खटपटी-लटपटी'चा वास येतो. आमच्या गावात खटपट्या म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल उभं करणारा.

नर्डसाठी 'पढतमूर्ख' कसा वाटतो? दासबोधात दुसऱ्या दशकात त्याची लक्षणं सांगणारा अख्खा समास आहे.

——

पढतमूर्ख नको. समर्थांचा पढतमूर्ख शिकून शहाणा होतो पण वागतो उलटं. नर्ड बिचारा जे शिकतो तेच करत बसतो, रात्री तीनपर्यंत.

अवांतर : मूळ लेखात 'अप टू डेट' येणारच, तेव्हा 'अद्यावत' लिहू नका. अद्य + यावत्, आजपर्यंत. दोन 'य' आहेत, दोन्ही लिहायचे. सरकारी फलकांवरसुद्धा एक 'य' गळालेला असतो.

——

मी कोल्हापूरची. इतका वेळ वाट बघत होते, कोण म्हणतंय का ते. अहो, नादखुळा! नाद म्हणजे छंद, खुळा म्हणजे तुमचा तो गेकच. एखाद्या नादापायी खुळावलेला, ही झाली टीका. आणि आज कोल्हापुरात 'नादखुळा' ही शाबासकी आहे. गीकचा जो प्रवास झाला तोच याचाही. पोरगी असेल तर नादखुळी. खटपट्याचं स्त्रीलिंग करून बघा जरा.

——

फक्कड! एक शंका : हल्ली नादखुळा माणसापेक्षा वस्तूला जास्त लागतो. रस्सा नादखुळा, गाडी नादखुळी. 'नादखुळ्यांसाठी बातम्या' वाचून पुण्यातला माणूस बुचकळ्यात पडेल.

——

पडू दे की. नर्ड वाचून १९९७ साली मिशिगनमधले काय कमी पडले असतील?

——

प्रश्न माझा होता, तेव्हा निकालही मीच देतो. 'नादखुळ्यांसाठी बातम्या. कामाच्या गोष्टी.' असं लिहिलं. मोठ्याने वाचून पाहिलं, ठेका बसतो. गीकला तसाच गीक ठेवला, कारण त्या कोंबडीची गोष्ट सांगायची आहे. भावाचे उरलेले दोन स्क्रूही, परवानगी असेल तर, लेखात घेतो.

आता पुढची अडचण. स्लॅशडॉट (स्लॅश म्हणजे '/', डॉट म्हणजे '.') हे नाव माल्डाने मुद्दाम ठेवलं होतं, पत्ता मोठ्याने सांगताना ऐकणाऱ्याची भंबेरी उडावी म्हणून : एचटीटीपी कोलन स्लॅश स्लॅश स्लॅशडॉट डॉट ऑर्ग. ही गंमत मराठीत आणायची आहे. मात्र स्लॅशला 'तिरकी रेघ' म्हणा असं कोणी सुचवू नका, ते करून पाहिलं.