पहिले बाळ, एका बेडरूमचे घर आणि सामानाची लांबलचक यादी: आधी नेमके काय घ्यावे?

अबोली

नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे पहिले बाळ येणार आहे. आम्ही ठाण्यात एका बेडरूमच्या घरात राहतो. बाळंतपणासाठी मी कोल्हापूरला माहेरी जाणार असून बाळ साधारण तीन महिन्यांचे झाले की परत येईन. लहान मुलांच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानातून आम्हाला एक यादी मिळाली आहे. तीत लाकडी कॉट, कॉटच्या कठड्याला आतून बांधायचे बंपर, गादी, उशी आणि छोटे लोड यांचा संच, लंगोट बदलण्याचे टेबल, स्ट्रोलर, वॉकर आणि कार सीट इतके सगळे आहे. हे सर्व आणले तर बेडरूममध्ये वावरायलाही जागा उरणार नाही.

सासूबाईंकडे माझ्या यजमानांच्या वेळचा रंगवलेला सागवानी पाळणा आहे. तो नातवंडासाठी वापरला जावा अशी त्यांची फार इच्छा आहे आणि मलाही तो हवा आहे. माझ्या आईचे म्हणणे मात्र असे की बाळ जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी घरात काही आणू नये. तिचे मन मोडावे असे मला वाटत नाही, पण ऐन पावसाळ्यात आयत्या वेळी कोणाची धावपळ होऊ नये हेही खरे. यांपैकी खरोखर आवश्यक काय, आणि कोणती गोष्ट आधी हाताशी असलीच पाहिजे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

रानजाई

अबोली, मनापासून अभिनंदन. बाळ पहिले तीन महिने ठाण्यात असणारच नाही, हे या यादीकडे पाहताना आधी लक्षात घ्या. आज तयारी करायची आहे ती कोल्हापूरच्या खोलीची, आणि त्या खोलीला फर्निचर असे फारच थोडे लागते.

बाळाच्या झोपण्याच्या जागेइतकीच महत्त्वाची, पण कोणत्याही दुकानाच्या यादीत न सापडणारी गोष्ट म्हणजे आईची बसण्याची जागा. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते. म्हणजे दिवसरात्र मिळून कित्येक तास तुम्ही एकाच ठिकाणी बसलेल्या असणार, आणि सिझेरियन झाले असेल तर पलंगावर अधांतरी बसून पाजताना पाठ आणि टाके दोन्ही दुखतात. सरळ पाठीची, हात टेकता येतील अशी एक भक्कम खुर्ची, पायाखाली घ्यायला देवघरातला किंवा जेवणाचा पाट, मांडीवर एक घट्ट उशी आणि हाताच्या अंतरावर पाण्याचा तांब्या ठेवता येईल असे छोटे स्टूल एवढे मांडून ठेवा. यातले बहुतेक सामान माहेरी आधीच असेल, तेव्हा आईच्या म्हणण्यालाही बाध येत नाही.

दुसरी गोष्ट कपडे वाळवण्याची. ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सुती लंगोट दोन दोन दिवस ओलसर राहतात, आणि दमट लंगोटाने बाळाची त्वचा लगेच लाल होते. पंख्याखाली उभे करता येईल असे घडीचे स्टँड घरात असू द्या. आईच्या जुन्या मऊ सुती साड्या आणि आजोबांची धोतरे फाडून, उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवून लंगोट आणि दुपटी आतापासून शिवून ठेवता येतील. पूर्वी बाळंतविड्याची तयारी बरीचशी अशीच होत असे आणि तिला कोणी खरेदी मानत नसे. रात्रीपुरते डायपर वापरले तरी दिवसा हेच कापड उपयोगी पडेल.

लंगोट बदलण्याचे टेबल अजिबात घेऊ नका. उंचावरून बाळ पडण्याचा धोका पत्करण्यापेक्षा जमिनीवर गोधडी आणि तिच्यावर मेणकापड अंथरलेले कितीतरी चांगले. आंघोळीच्या टबाचीही घाई नको. मालीश करणाऱ्या बाई बहुधा पायांवर घेऊनच आंघोळ घालतील.

ठाण्याच्या घरासाठी आता फक्त मापे घ्यावीत, हवी ती कॉट निवडून ठेवावी आणि बाळ झाल्यावर यजमानांनी ती मागवावी. म्हणजे आईचा शब्दही राहील.

चांदणवेल

मी नवजात बालकांच्या विभागात परिचारिका आहे, म्हणून झोपण्याच्या जागेविषयी थोडे सविस्तर लिहिते. पहिल्या वर्षात बाळाला नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे, आणि निदान पहिले सहा महिने ते आईच्याच खोलीत, पण स्वतंत्र जागेवर असावे. त्या जागेवर ताणून बसवलेल्या चादरीखेरीज काहीही नको. उशी नको, लोड नको, रजई नको, बंपरही नको. नाकातोंडावर मऊ वस्तू आली तर ती बाजूला सारण्याची ताकद त्या वयात नसते. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून पॅड लावलेले बंपर आणि तिरप्या बैठकीची झोपण्याची साधने यांची विक्रीच बंद करण्यात आली. आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात. हेतू मायेचा असतो हे मान्य करूनही मी ती झोपताना देऊ नका असेच सांगेन. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पोटावर ठेवणे पुरेसे आहे.

आता पाळण्याविषयी. तो जरूर वापरा, पण बाळाला ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्या. तळ फळीचा आणि सपाट हवा. नवारीचा किंवा कापडाचा असेल तर मध्ये झोळ पडून बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होतो, तेव्हा फळी बसवून घ्यावी. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून अधिक फट राहू नये, आणि कठड्याच्या दांड्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या आत असावे.

रंगाबद्दल मात्र मला काळजी वाटते. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांमागे ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तुमच्या यजमानांच्या वेळच्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीतच धरावी. दात येऊ लागलेले मूल कठडा चावते. पाळणा घासून नव्याने रंगवायचा असेल तर ते काम सुताराने घराबाहेर, पॉलिश पेपर ओला करून करावे, आणि तुम्ही त्या धुळीच्या जवळपासही जाऊ नये, कारण गरोदरपणात शिसे आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचते.

चिमणाळे बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच बांधा आणि पाळण्यात लांब दोऱ्या सोडू नका. मच्छरदाणी पाळण्याच्या बाहेरून ताणून बसवा, ती आत लोंबता कामा नये. बाळ कुशीवर वळू लागले किंवा हातांवर रेटून उठू पाहू लागले की पाळणा बंद करावा. हे चौथ्या-पाचव्या महिन्यातही होऊ शकते, आणि कॉटची खरी गरज तेव्हा सुरू होते.

वॉकर तर घेऊच नये. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट जिन्यापर्यंत आणि गॅसपर्यंत लवकर पोहोचते. कॅनडाने २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली आहे.

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत राहतो. इथे बाळाला घरी नेण्याच्या वेळी गाडीत कार सीट आहे ना, याची इस्पितळातले कर्मचारी खातरजमा करतात. तुमच्या यादीतून कार सीट कोणी सहज वगळू नये म्हणून लिहितो आहे. कोल्हापूर ते ठाणे हे अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त आहे आणि तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन तुम्ही महामार्गाने येणार आहात. मांडीवर कितीही घट्ट धरले तरी ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात करकचून ब्रेक लागला तर कोणाच्याही हातात मूल राहत नाही. भारतातही २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंड ही इथे अगदी गौण बाब आहे.

घेताना ती जन्मापासून वापरता येते ना हे पाहावे, कारण काही सीट नऊ किलोंच्या पुढच्या मुलांसाठीच असतात. ती मागच्या आसनावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची. पुढच्या आसनासमोर एअरबॅग चालू असेल तर तिथे ती कधीही ठेवू नये. तुमच्या गाडीत आयसोफिक्सचे हुक, म्हणजे पट्ट्याशिवाय कार सीट थेट गाडीला अडकवण्याच्या कड्या, आहेत का ते आधी पाहा. नसतील तर गाडीच्या पट्ट्याने बांधता येणारी सीट घ्या. कुणाची वापरलेली घ्यायची तर तिला अपघात झालेला नाही हे खात्रीने माहीत असलेल्या घरातलीच घ्यावी. बाळाला दुपट्यात गुंडाळून वर पट्टे लावू नयेत. पट्टे अंगाला लागून हवेत आणि पांघरूण त्यांच्यावरून. वाटेत दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा, आणि घरी पोहोचल्यावर त्याला त्याच सीटमध्ये झोपू देऊ नका.

अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार सीट आमच्या यजमानांच्या एका मित्राच्या गाडीत बसवून आधी पाहू आणि ती त्यांच्याच घरी ठेवू, म्हणजे आईलाही चालेल. पाळण्याविषयी मी सासूबाईंशी बोलले. तळ नवारीचा आहे आणि रंगाचे पोपडे निघाले आहेत. तो पूर्ण रंग काढून नुसते सागवान ठेवले तर चालेल का?

चांदणवेल

नक्की चालेल, आणि माझ्या मते तेच सर्वांत चांगले. सागवानाला रंगाची गरज नसते. रंग पूर्ण निघाल्यावर लाकूड ओल्या फडक्याने दोनतीनदा पुसून घ्यायला सांगा. सांध्यांचे स्क्रू, कड्या आणि साखळ्या जुन्या असतील तर त्या नव्याच बसवाव्यात. तळाची फळी आधी करून घ्या आणि गादी त्या फळीच्या मापानेच शिवायला द्या.