बाबांची येझदी वीस मिनिटं पळते आणि बंद पडते, कार्बोरेटर की करंट?

येळ्ळूरचा_पोरगा
मंडळी नमस्कार. बाबांची ९१ ची येझदी मोटरसायकल हाय, केए बावीस म्हणजे बेळगाव पासिंग, मधी सात-आठ वर्षं गोठ्यात बारदानाखाली पडून होती, गेल्या उन्हाळ्यात काढली. सकाळी थंडीत चोक लावला की दुसऱ्या किकला चालू, काही तक्रार नाही. पंधरा-वीस मिनिटं मस्त पळते आणि मग मिसिंग मारायला लागते, रेस दिली तर आणखीनच गुदमरते आणि रस्त्याकडेला गप्प. मग कितीबी किक मारा, चालू होईना. खरं अर्धा तास झाडाखाली उभी केली की काही न करता चालू!! परवा निपाणीला बहिणीकडं निघालो होतो, वंटमुरीच्या घाटात बंद पडली. मागं बायको, तिच्या मांडीवर कुंद्याचा बॉक्स, आणि मी किक मारून मारून घामाघूम.
गावातल्या मिस्त्रीनं तीन वेळा कार्बोरेटर खोलून साफ केला, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बदलला, त्यातल्या नीडलची म्हणजे सुईची क्लिप एक खाच खाली केली, प्लग नवा घातला. फरक शून्य. आता तो म्हणतो कार्बोरेटरच नवा टाक. टाकू का?

चिकोडी_एक्स्प्रेस
थांब भावा, नव्या कार्बोरेटरला पैसे घालू नकोस. आधी टाकीचं झाकण बघ. झाकणाला बारीक हवेचं भोक असतं, ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरायचं थांबतं आणि गाडी अशीच पंधरा-वीस मिनिटांनी मरते, थोडा वेळ उभी केली की हवा हळूहळू आत जाते आणि परत चालू. माझ्या राजदूतला पेंटरनं झाकण रंगवताना ते भोक बुजवलं होतं, मी दोन महिने कार्बोरेटरला शिव्या घालत होतो. आता बंद पडली की झाकण उघड, फुस्स आवाज आला तर तेच.
दुसरं म्हणजे पेट्रोल कॉकची जाळी. आठ वर्षं पडलेली टाकी, आत गंज असणारच. पाइप काढून बाटलीत पेट्रोल सोड, धार एकसारखी पडली पाहिजे, थेंब थेंब नाही. आणि ती बाटली रात्रभर तशीच ठेव. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पाणी धरतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी मिळून वेगळं होऊन तळाला बसतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत हेच मिळतं.

अनगोळ_२५०
विकणार असशील तर आधी मला सांग.

उद्यमबाग_लेथ
चिकोडीवाल्यांचं झाकण-कॉकचं बरोबर आहे, फुकटात बघून होतं, बघच. पण "तापली की बंद, थंड झाली की आपोआप चालू" हे वाचल्यावर माझा संशय नव्वद टक्के करंटवर आहे. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल तर तो सकाळीपण त्रास देईल की.
खरी अडचण अशी की तुझा मिस्त्री गाडी थंड असताना बघतोय. गॅरेजपर्यंत ढकलत नेईतोवर ती बरी झालेली असते. त्यामुळं प्लगपाना, जुना चांगला प्लग, स्क्रू ड्रायव्हर आणि हातभर वायर खिशात ठेव आणि मुद्दाम बंद पडेपर्यंत पळव. बंद पडली की वाट बघायची नाही, लगेच प्लग काढ. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, मग झाकण, कॉक, फ्लोट. ओला असेल तर पेट्रोल येतंय आणि जळत नाही. मग दुसरा प्लग कॅपला लावून हेडला टेकव आणि किक मार. प्लगच्या भोकापासून लांब धर हां, आतून पेट्रोलचा फवारा येतो, भडका उडायचा. ठिणगी निळी आणि टचटच आवाज करणारी पाहिजे. पिवळी, दोऱ्यासारखी बारीक असली किंवा दिसलीच नाही तर कार्बोरेटरला हात लावायचा नाही.
मग वायर घे आणि बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलला दे, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते तिला. ठिणगी सुधारली तर दोष चावीच्या स्विचात नाहीतर वायरिंगमध्ये. तपासून झालं की वायर काढायची, विसरायचं नाही. नाही सुधारली तर उजव्या बाजूचं कव्हर काढून पॉइंट बघ, कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं असतात ती. उघडताना पॉइंटवरच मोठी निळी ठिणगी उडत असेल आणि पॉइंटच्या एका तोंडाला खड्डा, दुसऱ्यावर ढिगारा झाला असेल तर दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीचा. गॅप ०.४ मि.मी. ठेव, फीलर गेजनं, अंदाजानं नाही. पॉलिश पेपर मारलास तर नंतर कोरा कागद पेट्रोलमध्ये बुडवून पॉइंटमधनं ओढ, एक कण जरी राहिला तरी करंट येत नाही आणि माणूस वेडा होतो.

येळ्ळूरचा_पोरगा
दादा, रविवारी केलं सगळं. राजहंसगडाच्या चढाला मुद्दाम दोनदा वर-खाली केली, तिसऱ्या चढाला मेली. झाकण उघडलं, फुस्स नाही. प्लग ओलाचिंब. ठिणगी पिवळी, तीही चार किकला एखादी. थेट वायर दिली, काही फरक नाही. पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडायलेत आणि तुम्ही सांगितलं तसा खड्डा होता!! म्हटलं घावलं. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे आणले, गॅप ०.४ केला. सकाळी अशी चालू झाली की बाबा घरातनं बाहेर आले. खरं वीसच्या जागी तीस मिनिटं पळाली आणि परत तेच. आता काय करू?

शहापूर_मामा
पोरा, मी हे जरा उशिरा वाचलं. मी ७९ पासून येझदी चालवतो आणि आजवर दोन कॉइल गमावल्यात, दोन्ही वेळा हेच लक्षण. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तेव्हापासून आपल्याला मिळतो तो जुना पडून राहिलेला माल नाहीतर कुणी बनवलेली नक्कल, त्यामुळं नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असं धरू नकोस. मीटरवाल्याकडनं मोजून घे, साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड दाखवला पाहिजे. तरी मला वाटतं तुझा कंडेन्सर गेलाच होता, पण त्याच्या मागं कॉइलपण गेलीय. आत केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, तापलं की तार फुगते, कुठंतरी इन्सुलेशन उडालेलं असतं तिथं आतल्या आत शॉर्ट होतं, थंड झालं की परत बरं.
परीक्षा सोपी आहे. बंद पडली की बॅटरीची वायर सोडव आणि फडकं पाण्यात बुडवून पिळून कॉइलभोवती गुंडाळ. पाणी टर्मिनलला लागू देऊ नकोस. पाच मिनिटांत चालू झाली तर कॉइल. अर्धा तास थांबलास तर काहीच कळणार नाही, कारण मग इंजिनपण थंड होतं.
एक विचारतो, खरं सांग. कधी चावी ऑन राहिली होती का? येझदीला पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं आणि चावी चालू राहिली तर कॉइलमधनं सारखा करंट जात राहतो, आतल्या आत भाजते.
आणि पांढरा धूर येत असेल तर तेही सांग. डाव्या बाजूचं क्रँकचं सील गेलं की गिअर ऑइल ओढते आणि प्लग ओला होतो, मग ओल्या प्लगवरनं केलेला हिशेब चुकतो.

येळ्ळूरचा_पोरगा
मामा, पाया पडतो. मार्चमध्ये पुतण्यानं चावी ऑन ठेवली होती, रात्रभर. सकाळी बॅटरी डाऊन, आम्ही चार्ज करून घातली आणि विसरलो. बंद पडायची सुरुवात त्याच्या नंतरचीच हाय, आत्ता ट्यूब पेटली. धूर पांढरा नाही, निळसर, पेट्रोलमध्ये मिसळतो त्या टू टी ऑइलचा.
संध्याकाळी ओलं फडकं लावलं. चौथ्या मिनिटाला दुसऱ्या किकला चालू. दुसऱ्या दिवशी खडे बाजाराकडं एका म्हाताऱ्या वायरमनकडं गेलो. त्यांनी नुसतं ऐकलं, कॉइलला हातबी लावला नाही, कानडीत म्हणाले "कॉइल होगैत्री", म्हणजे कॉइल गेलीय. माझ्याकडं बघून परत मराठीत म्हणाले, गाडी सहा व्होल्टची हाय न्हवं? बारा व्होल्टची कॉइल बसवून देतो म्हणणारे भेटतील, घेऊ नको, ठिणगी मरतुकडी पडेल. त्यांच्याच डब्यातनं सहाची निघाली.
शनिवारी निपाणी जाऊन-येऊन झालो. वंटमुरीच्या घाटात मुद्दाम थांबलो, बंद केली, लगेच किक मारली, एका किकला चालू. बायको म्हणाली आता चल, उगाच परीक्षा घेऊ नको.
एकच राहिलंय. आता धूर लई सोडायलीय, कमी स्पीडला घुरघुरते आणि चाळीस किलोमीटरला प्लग काळाकुट्ट.

उद्यमबाग_लेथ
ते तुझ्या मिस्त्रीचं कर्तृत्व आहे. क्लिप खाली म्हणजे नीडल वर, म्हणजे पेट्रोल जास्त. करंटचा दोष पेट्रोल वाढवून झाकायला गेला. क्लिप परत मूळ खाचेत घाल आणि जुना मेन जेट परत बसव. ऑइल किती घालतोस? लिटरला तीस-चाळीस मिली पुरे, बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओतत असशील तर धूर येणारच.

येळ्ळूरचा_पोरगा
झाकणानंच ओततो. क्लिप आजच बदलतो. जुना जेट मिस्त्रीनं कुठं टाकला देव जाणे, त्याच्या डब्यात पन्नास जेट हायत.

शहापूर_मामा
जेटवर नंबर कोरलेला असतो, भिंग घेऊन बस. नाहीच सापडला तर रविवारी गाडी घेऊन शहापूरला ये, माझ्याकडं दोन पडलेत.

अनगोळ_२५०
म्हणजे विकत नाहीस.