'व्हॉइस'ला मराठीत काय म्हणावं? शैली, आवाज, वाणी की आणखी काही?

निळीशाई:
नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मुलं घरी मराठी बोलणारी, त्यामुळे अवघड कल्पना आधी मराठीत समजावून मग इंग्रजीकडे वळायची माझी सवय. या आठवड्यात लेखकाची 'स्टाइल' आणि लेखकाचा 'व्हॉइस' यांतला फरक घेतला आणि पहिल्याच पायरीला अडले.

'स्टाइल'ला शैली म्हटलं, ते चाललं. 'व्हॉइस' म्हणताच एका हुशार मुलीने वहीत लिहिलं, 'या लेखकाचा व्हॉइस पॅसिव्ह आहे.' चूक तिची नाही. आजवर व्हॉइस म्हणजे कर्तरीचं कर्मणी करा, एवढंच तिने गिरवलंय. 'लेखकाचा आवाज' म्हणावं, तर वर्गात आवाज हा 'करू नका' म्हणून सांगायचा असतो. 'स्वर' म्हटलं की अ आ इ ई. 'सूर' मला 'टोन'साठी राखून ठेवायचाय, कारण एकाच लेखकाचा टोन पानागणिक बदलतो, व्हॉइस मात्र टिकून राहतो आणि नेमकं तेच मुलांच्या कानावर घालायचंय.

शेवटी दोन्हीला शैलीच म्हणाले, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'शब्द एकच, मग गोष्टी दोन कशा?' मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय वापरता?

शब्दकण:
बाज. 'या लेखिकेच्या लिहिण्याचा बाजच वेगळा' असं आपण सहज बोलतो. समजावून सांगावंही लागत नाही.

जुनीवही:
बाज म्हणजे फिरून स्टाइलच की. तबल्यात दिल्ली बाज, पूरब बाज म्हणतात. तो घराण्याचा असतो, शिकून हातात येतो. निळीशाईंना एकट्या माणसाचा शब्द हवाय.

माझ्या मते गाठ उलटी पडली आहे. 'स्टाइल' हा लॅटिन 'स्टिलस'पासून आलेला शब्द, म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार काडी. आपली 'शैली' आली 'शील'वरून, म्हणजे स्वभावातून. त्यांचा शब्द हातातल्या साधनाचा, आपला मनाच्या घडणीचा. मनुस्मृतीवरच्या कुल्लूकभट्टाच्या टीकेत एक सुंदर वाक्य आहे: आचार्यांची बहुधा ही शैलीच असते, की स्वतःचं मतही दुसऱ्याने केलेल्या उपदेशासारखं मांडायचं. बघा, इथे शैली म्हणजे कोण कोणाच्या तोंडून बोलतंय, हाच विचार आहे. व्हॉइसचं काम शैली केव्हापासून करते आहे. वेगळा शब्द 'स्टाइल'ला हवा, आणि तोही तयार आहे: रीती. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने 'विशिष्ट पदरचना म्हणजे रीती' अशी व्याख्याच करून ठेवली आहे.

उंबरठा:
जुनीवही, तुमच्या व्युत्पत्ती मी आवडीने वाचतो, पण शब्द कुठून आला त्यावरून तो आज कुठे राहतो हे ठरत नाही. आजची शैली 'जीवनशैली'त आहे, 'शैलीदार फलंदाजी'त आहे. त्यात शील शोधायला पंधरा वर्षांचं मूल जाणार नाही. आणि रीती म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे रीतिरिवाज.

शिवाय वामनाच्या रीती वैदर्भी, गौडी, पांचाली. म्हणजे त्याही समूहाच्याच. पुढच्या काळातला काव्यशास्त्रकार कुंतक याने याच कारणासाठी प्रदेशांची नावं नाकारली आणि काव्याचे मार्ग कवीच्या स्वभावाशी जोडले. तुम्ही बाजला जे कारण देऊन बाद केलंत, त्याच कारणाने रीती व्यक्तीच्या कामी येत नाही.

मी 'आवाज'च्या बाजूने आहे. 'आतला आवाज', 'आवाज उठवणे' हे सगळं मुलांना कळतं. गोंगाटाचा अर्थ दोन दिवस मध्ये येईल, मग मागे पडेल.

जुनीवही:
कुंतकाचा मुद्दा मान्य. पण रीती मी स्टाइलला सुचवली होती, व्हॉइसला नव्हे. स्टाइल समूहाची असली तर बिघडलं कुठे?

मोडीवाचक:
आवाज फारसी. घरात 'वाणी' असताना उसना शब्द कशाला? लॅटिन 'वॉक्स' आणि संस्कृत 'वाच्' एकाच मुळाचे, हिंदी व्याकरणात तर व्हॉइसला 'वाच्य'च म्हणतात. 'संतवाणी'मुळे वाणी शब्द आपल्या कानाला सरावलेला आहे.

उंबरठा:
मोडीवाचक, ज्या शाईने, ज्या कागदावर ही वाणी उतरवायची, ते दोन्ही शब्द फारसीतून आलेले आहेत. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, कारभाराचे कितीतरी शब्द बदलले, तरी कागद कागदच राहिला. आवाज बाहेरचा हे आज कोणाला जाणवतं? आणि वाणीला एक सोवळेपण आहे. संतवाणी, आकाशवाणी ठीक. एखाद्या चिडक्या, उर्मट निवेदकाची 'वाणी' म्हणून बघा.

मोडीवाचक:
माझं म्हणणं शुद्धतेपेक्षा कुळाचं आहे, ते नीट मांडतो. 'वाचणे' हे क्रियापद संस्कृत 'वाचयति'वरून आलं आणि त्याचा मूळ अर्थ 'बोलायला लावणे'. म्हणजे वाचक हा पानाला बोलायला लावणारा. वाणी, वाचा, वाचक, 'विषयाला वाचा फोडणे' ही सगळी अर्थाने एका घरची माणसं, वाणीचा धातू वेगळा असला तरी. लेखकाची वाणी वाचक ऐकतो, हे नातं मुलाला शब्दातच सापडेल. 'आवाज' घेतलात तर ते तुटतं. उर्मट माणसालाही वाणी असते, शब्दाचं सोवळं आपणच वाढवलंय.

शब्दकण:
वाचणेचं हे माहीत नव्हतं. आवडलं.

तिसरीघंटा:
नाटकवाला आहे, माझा अनुभव सांगतो. नवी संहिता हातात आली की आम्ही पात्रांची नावं झाकून संवाद वाचतो. नाव न बघता कोण बोलतंय ते कळलं, तर लेखकाच्या कानाला दाद. तालमीत त्याला आम्ही 'लहेजा' म्हणतो.

मुलांना व्याख्या देण्याआधी हे चार वाक्यप्रकार द्या:

तो आला नाही.
आलाच नाही तो.
आला नाही म्हणे.
तो कसला येतोय!

बातमी एकच, माणसं चार. पहिला नोंद करतोय, दुसरा वाट बघून दुखावलाय, तिसरा जबाबदारी अंगावर घेत नाही, चौथ्याला हे आधीच ठाऊक होतं. आणि फरक कशाने झाला? एक 'च', एक 'म्हणे', एक 'कसला'. मोठ्या शब्दांत काही नाही, सगळं या चिमुकल्या शब्दांत आहे. मराठी मुलाच्या कानात हे जन्मापासून आहे, त्याला फक्त दाखवून द्यायचं.

निळीशाई:
तिसरीघंटा, हे उद्याच घेते. पण माझं खरं दुखणं याच्यापुढे सुरू होतं. इंग्रजीला 'च' नाही, 'म्हणे' नाही. माझी मुलं इंग्रजी पान वाचतात तेव्हा त्यांना सगळे लेखक एकाच माणसासारखे ऐकू येतात. तिथे व्हॉइस दुसरीकडे लपलेला असतो: 'डू नॉट' म्हटलं की 'डोन्ट', 'आस्क' म्हटलं की 'क्वेश्चन' की 'इंटरॉगेट'. अर्थ जवळपास एकच, पण आस्क घरातला, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट थेट लॅटिनचा कडक इस्त्रीचा. आपल्याकडे 'विचारलं' आणि 'पृच्छा केली' यांत जे अंतर, तेच.

मार्क ट्वेनचं उदाहरण मी दर वर्षी घेते. 'टॉम सॉयर' १८७६चं, त्यात निवेदक बाहेरून, तृतीय पुरुषात, नीटस इंग्रजीत सांगतो. पुढच्या पुस्तकात हकलबरी फिन स्वतः बोलतो आणि पहिल्याच वाक्यात 'एन्ट' (ain't) आणि दुहेरी नकार. वर्षभर जी चूक मी लाल शाईने खोडते, तीच इथे त्या मुलाला जिवंत करते. हे बघून मुलं थक्क होतात. पण मग हकचा तो व्हॉइस, आणि ट्वेनचा? दोन्हीला एकच शब्द कसा पुरेल?

उंबरठा:
हकचा आवाज, ट्वेनची शैली. झालं.

जुनीवही:
झालं कसं? 'टॉम सॉयर'मध्येही ट्वेन ऐकू येतोच की. फ्रेंच समीक्षक जेरार जनेत याने १९७२मध्ये हे छान सोडवलंय: 'कोण बघतंय' आणि 'कोण बोलतंय' हे प्रश्न वेगळे ठेवा. दुसऱ्याला तो व्हॉइस म्हणतो. आणि त्याने हे शब्द घेतले कुठून? क्रियापदाच्या व्याकरणातून! काळ (टेन्स), अर्थ (मूड), प्रयोग (व्हॉइस). व्याकरणात व्हॉइस म्हणजे क्रियेचं कर्त्याशी नातं, कथेत सांगण्याचं सांगणाऱ्याशी. म्हणजे निळीशाई, तुमची ती विद्यार्थिनी फार लांब गेली नव्हती. तिला तिथूनच पुढे नेता येईल.

लेखकाच्या त्या टिकून राहणाऱ्या 'व्हॉइस'बद्दल मात्र संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी म्हणून गेलाय: मार्ग दोन सांगता येतात, पण कवीकवीतला भेद सांगता येत नाही. ऊस, दूध, गूळ सगळे गोड, त्या गोडीतला फरक सरस्वतीलाही शब्दात मांडता यायचा नाही.

निळीशाई:
तिच्याशी उद्या याच वाटेने बोलते. दंडी मात्र मला वर्गात परवडणार नाही, मुलांना परीक्षेत तो फरक शब्दातच मांडायचाय.

शब्दकण:
'लकब' कोणीच कसं नाही म्हटलं?

तिसरीघंटा:
लकब म्हणजे सवयीने जडलेली ढब. नक्कल करणारा ती उचलतो. लहेजा उचलता येत नाही.

मोडीवाचक:
अरबीत लकब म्हणजे किताब, उपाधी. मराठीत ढब कशी झाली, हा वेगळा धागा होईल.

पानगळ:
उशिरा आले. अभंगाकडे कोणी वळलं नाही याचं नवल वाटलं. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा म्हणजे सही झाली. पण मुद्रा झाकून अभंग वाचला आणि तरी तुकोबा ओळखू आले, तर ते जे ओळखू येतं त्याला काय म्हणायचं? तिसरीघंटांची नावं झाकायची युक्ती इथेही लागू पडते.

माझा शब्द आहे 'वळण'. आजी पाकिटावरचा पत्ता बघूनच सांगायची, पत्र कोणाचं आहे. पाठवणाऱ्याचं नाव वाचायची नाही. 'अक्षराचं वळण तिचंच' म्हणायची. मग पत्र मोठ्याने वाचायला मला द्यायची आणि मध्येच थांबवायची, 'हे वाक्य तिचं नाही, कोणीतरी सांगून लिहवून घेतलंय.' अक्षर तेच होतं, तरी तिला कळायचं. शाळा चौथीपर्यंतची. तिला त्या दुसऱ्या गोष्टीसाठीही वळणच पुरायचं: 'बोलण्याचं वळण नाही हे तिचं.'

उंबरठा:
हे सुरेख आहे. पण 'वळण लावणे' म्हणजे शिस्त लावणे. ते दुसऱ्याने लावलेलं असतं.

पानगळ:
अक्षराला वळण गुरुजी लावतात, तरी वर्गातल्या चाळीस मुलांची अक्षरं चाळीस तऱ्हेची होतात.

जुनीवही:
आमच्याकडे अक्षराची 'ठेवण' म्हणायचे. वळण रस्त्याला.

पानगळ:
ठेवण चेहऱ्याची! अक्षराची ठेवण मी आजवर ऐकलेली नाही.

मोडीवाचक:
मी ऐकली आहे. मोडीचं जुनं दप्तर चाळताना 'ठेवण बघा' असंच म्हणतात, लिहिणारा कोण ते ओळखायला.