ग्राफ पार्टिशनिंग: मेटिस की स्कॉच? तापीच्या मेशवरून पडलेला प्रश्न

तापीकाठ (भुसावळ)
हतनूर ते प्रकाशा या पट्ट्यातल्या तापीचं पूर-मॉडेल चालवतोय. त्रिकोणी मेश (नदी-शेतांवर टाकलेली त्रिकोणांची जाळी) आहे, पात्रात बारीक आणि शेतांवर मोठी. 64 कोअरसाठी (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग) तिचे 64 तुकडे करायचेत, यालाच ग्राफ पार्टिशनिंग म्हणतात. प्रत्येकाच्या वाट्याला काम सारखं यावं आणि मधले बांध कमीत कमी असावेत, कारण बांधावरच्या त्रिकोणांची माहिती दर टाइम-स्टेपला शेजारच्या कोअरला कळवावी लागते.

आमच्याकडे जो येतो तो या वाटणीसाठी डोळे मिटून मेटिस हे सॉफ्टवेअर लावतो. माझं मत स्पष्ट आहे: नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याऐवजी स्कॉच हे सॉफ्टवेअर घ्यावं. मेटिस 5 अपाची लायसन्सखाली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मेश वाढली की समांतर आवृत्ती (वाटणीचं कामही अनेक कोअरवर करणारी) लागते, आणि मेटिसची तशी आवृत्ती, पारमेटिस, मोकळं आहे ते ना-नफा संस्थांच्या शिक्षण-संशोधनाला आणि अमेरिकी सरकारी संस्थांना. बाकीच्यांना फक्त चाचणीपुरतं. एका सल्लागार कंपनीचं काम करताना हे शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं आणि सगळी बिल्ड पुन्हा बांधावी लागली. ती दगदग मी विसरलेलो नाही. स्कॉच आणि त्याची समांतर आवृत्ती पीटी-स्कॉच दोन्ही सेसिल-सी लायसन्सखाली येतात, कंपनीच्या कोडला जोडले तरी अडचण नाही.

गिरणाथडी (चाळीसगाव)
भाऊ, पटलं नाही. 64 कोअरवर पारमेटिस लागतं कुठे? काही लाख त्रिकोणांची मेश साधं मेटिस लॅपटॉपवर काही सेकंदांत कापून देतं. कॅरिपिस आणि कुमार यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ते उभं केलं, तेव्हापासून किती सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारे प्रोग्राम) त्यावर चालतात ते बघा. मूळ युक्ती दोन्हीकडे एकच आहे: ग्राफ (कोणता त्रिकोण कोणाला लागून आहे त्याचा आराखडा) आकसत लहान करायचा, लहान ग्राफ कापायचा, मग उलगडताना तुकड्यांमधले बांध सुधारत जायचे. ही सुधारणाही 1970 च्या कर्निघन-लिन आणि 1982 च्या फिदुचिया-मॅथेसिस यांच्या पद्धतींच्या वळणाची.

मला मेटिस आवडतं ते त्यातल्या सोयींसाठी. एज कट (बांधावर तुटणाऱ्या कडांची संख्या) म्हणजे खरी देवाणघेवाण नव्हे. एका त्रिकोणाच्या दोन कडा त्याच शेजारच्या तुकड्याला लागून असतील तर कट मोजतो दोन, माहिती मात्र एकदाच जाते. मेटिसला 'ऑब्जटाइप व्हॉल' हा पर्याय सांगितला की ते देवाणघेवाणच कमी करायला बघतं. 'कॉन्टिग' दिलं तर तुकडा सलग ठेवतं. तापीसारख्या लांबट, वळणाच्या मेशला हे फार उपयोगी.

पांझरेचं पाणी (धुळे)
दोघांचाही वाद बाजूला राहू द्या. आधी सांगा, त्रिकोणांना वजनं, म्हणजे कोणात किती काम आहे त्याचे आकडे, दिलीत का?

आमचं मॉडेल रखडलं होतं. पॅराव्ह्यू या चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेश कोअर-क्रमांकाने रंगवून पाहिली. पात्रात मोजून तीन रंग, बाकी सगळे कोरड्या शेतांवर. कोरड्या त्रिकोणात गणित जवळजवळ नसतंच. म्हणजे तीन कोअर राबत होते आणि बाकीचे नुसते त्यांची वाट पाहत होते. त्रिकोणांची संख्या मात्र अगदी सारखी वाटलेली! आपल्या पांझरेवरच्या फडपद्धतीत (बंधाऱ्याचं पाणी फडाफडात सामाईक वाटायची पद्धत) आधी ठरतं की यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक, कोणता पडीक. पाण्याच्या पाळ्या त्यानंतर. सॉफ्टवेअर मेटिस घ्या की स्कॉच, ते तुम्ही सांगितलेलंच वाटणार.

तापीकाठ
तुनं म्हननं बरोबर शे, भाऊ. वजनं दिली नव्हती. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. पूर पसरला की ओले त्रिकोण बदलतात, मग सुरुवातीची वाटणी काय कामाची? चालत्या मॉडेलमध्येच पुन्हा वाटणी हवी, म्हणजे समांतर आवृत्ती आली आणि लायसन्सही आलं. तिथे सँडिया या अमेरिकी प्रयोगशाळेचं झोल्टन हे वाटणीचं सॉफ्टवेअरही मोकळं आहे.

गिरणाथडी
चालत्यात कशाला? मॉडेल ठरावीक वेळाने रीस्टार्ट फाइल लिहितंच. ओल्या-कोरड्याची ताजी वजनं घेऊन साध्या मेटिसने पुन्हा कापा आणि तिथून पुढे चालू करा. हजारो कोअर असते तर मीच पीटी-स्कॉच किंवा झोल्टन म्हटलं असतं. आज त्यासाठी कोड उसवणं मला मान्य नाही.

तापीकाठ
रीस्टार्टचं करून बघतो, दोन्ही सॉफ्टवेअर लावून. कंपनीच्या कामाला मात्र मी स्कॉचच धरणार. ओल्या त्रिकोणाला 1 आणि कोरड्याला 0.05 वजन देऊ का?

पांझरेचं पाणी
नको! दोघांनाही वजनं पूर्णांकातच लागतात. 0.05 चं रूपांतर करताना शून्य होईल आणि कोरडी शेतं एकाच तुकड्यात कितीही साचतील. ओल्याला 20, कोरड्याला 1 द्या.