इस्रायल अभ्यासात एम.ए. करायचं आहे. कुणी केलंय का?

पेणकरीण

नमस्कार मंडळी. मी मुंबईला राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या सत्रात आहे, घर पेणला. लहानपणी शाळेत जाता-येता बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, सिनेगॉगवरून (प्रार्थनास्थळावरून) जायचे. आजी त्याला 'मशीद' म्हणायची. तिथले लोक कुठून आले, कुठे गेले, हे कुतूहल तेव्हापासूनचं. आता बेरशेबाच्या बेन-गुरियन विद्यापीठातला इस्रायली समाज आणि संस्कृतीवरचा इंग्रजी माध्यमाचा एम.ए. माझ्या डोक्यात घोळतोय. घरात यावरून वाद चालू आहेत. बाबा म्हणतात, "लढाई चालू असलेल्या देशात शिकायला कोण जातं?" आणि मित्रमंडळी म्हणतात की तिथे सरकारी प्रचारच शिकवणार.

प्रत्यक्षात काय शिकवतात? हिब्रू येत नसेल तर निभाव लागतो का? प्रचाराची भीती खरी आहे का? आणि परत आल्यावर पुढे काय? जे असेल ते स्पष्ट सांगा.

जुना_मुंबईकर

ताई, मी मशीद बंदरजवळ वाढलो. सॅम्युएल स्ट्रीटवरचं १७९६ चं सिनेगॉग आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. चाळीत दोन बेने इस्रायली कुटुंबं होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी एक गेलं, नंतर दुसरं. त्यांच्या आईने जाताना पाटा-वरवंटा माझ्या आईला दिला, तो अजून आमच्याकडे आहे. तुमचा विषय मला मनापासून आवडला. पण बाबांचं म्हणणंही उडवून लावू नका. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथल्या विद्यापीठांचं वर्ष थेट ३१ डिसेंबरला सुरू झालं होतं आणि जून २०२५ मध्ये बेरशेबाच्या मोठ्या रुग्णालयावरच क्षेपणास्त्र पडलं. वकिलातीच्या सूचना वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

कुंडलिकाकाठ

पेणकरीण, मी हाच अभ्यासक्रम केलाय, २०१८-१९ मध्ये. आता रोह्याजवळ ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. लांबलचक लिहितेय, पण मला तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून लिहितेच.

आधी सुरक्षेचं. वर्ग सुरू होऊन तीनच दिवस झाले होते. १७ ऑक्टोबरला पहाटे पावणेचारच्या सुमाराला सायरन वाजला. बेरशेबात सायरनपासून साधारण एक मिनिट मिळतं. अंगावरचं पांघरूण तसंच घेऊन आम्ही सहा जणी जिन्याखालच्या आडोशाच्या खोलीत गेलो. शहरातल्या एका घरावर रॉकेट पडलं. त्या घरातल्या आईने तिन्ही मुलांना वेळेत सुरक्षित खोलीत नेलं म्हणून सगळे वाचले. त्या दिवशी मी रोह्याला फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी केला. आता वाटतं, तो त्याच दिवशी करायला हवा होता. तेव्हापेक्षा आजची परिस्थिती कितीतरी कठीण आहे, त्यामुळे 'काही होत नाही' असं मी तुला मुळीच सांगणार नाही. बाबांशी भांडू नकोस. तो एका मिनिटाचा हिशोब त्यांना समजावून सांग आणि मग दोघं मिळून ठरवा.

आता शिक्षणाचं. अर्धा अभ्यास इतिहासाचा: झायनवादी चळवळ, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र उभारण्याची चळवळ, १९४८ ची इस्रायलची स्थापना, स्थलांतराच्या लाटा. दुसरा अर्धा समाजाचा: हरेदी म्हणजे कट्टर धार्मिक ज्यू, अरब नागरिक, उत्तर आफ्रिकेतून आणि इराकमधून आलेले ज्यू, १९९० नंतर सोव्हिएत देशांतून आलेले सुमारे दहा लाख लोक. त्यात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या ज्यूंनी भेदभावाविरुद्ध केलेलं १९५९ चं हैफामधल्या वादी सलीब वस्तीतलं आंदोलन आलं, अशाच ज्यू तरुणांचे १९७१ चे जेरुसलेमचे ब्लॅक पँथर्सही आले. आमचे दलित पँथर १९७२ चे, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा तास संपल्यावरही अर्धा तास चर्चा चालली. दोघांनीही नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर्सवरून घेतलं होतं आणि दोघांचंही म्हणणं होतं की आपल्याच देशात आपल्याला दुय्यम ठरवलंय.

हिब्रूचं मात्र ऐक. इंग्रजीवर पदवी मिळते, समाज कळत नाही. जाण्याआधी सहा महिने अक्षरं आणि क्रियापदं पक्की कर, तिथे गेल्यावर उल्पान कर, म्हणजे हिब्रूचा सलग वर्ग. मराठी माणसाला त्यात एक मोठी सोय आहे. हिब्रूत 'मी जातो' वेगळं आणि 'मी जाते' वेगळं: आनी होलेख, आनी होलेखेत. बोस्टनहून आलेली माझी मैत्रीण पहिल्या महिन्यात रोज त्यात चुकायची, मला ते लगेच अंगवळणी पडलं. उलट 'तुम्ही' सोडायला मला चार महिने लागले. सत्तरीच्या प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची आणि 'तू' म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघतच नव्हतं.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते आता. तुला मराठी येतं, हे तिथलं तुझं सगळ्यात मोठं भांडवल आहे. वर्गात कुणाकडेही ते नसेल.

बेरशेबाहून दिमोना बसने जेमतेम पाऊण-एक तास. १९५५ मध्ये वाळवंटात वसवलेलं गाव, तिथे बेने इस्रायलींची मोठी वस्ती. एका शुक्रवारी मी तिथे एका आजींना भेटायला गेले, मूळ पोयनाडकडच्या. गप्पांत वेळ गेला आणि शेवटची बस चुकली. शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथमुळे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, बस बंद, शनिवारी रात्रीपर्यंत काही हलत नाही. आजी म्हणाल्या, "बाय, आता कुठं जातेस? रहा." मी राहिले.

त्यांनी दिवे लावले, आणि किद्दुशच्या, म्हणजे द्राक्षाच्या दारूवर म्हणायच्या प्रार्थनेच्या, पेल्यात मनुका भिजवून गाळलेलं सरबत ओतलं. कोकणात द्राक्षाची दारू कुठून मिळणार, म्हणून पूर्वीपासून हेच. जेवायला वालाचं बिरडं होतं. नातू सैन्यातून सुट्टीवर आलेला, वीस वर्षांचा. तो ज्यूंच्या नववर्षाला 'रोश हशाना' म्हणाला, तर आजींनी 'नव्याचा सण' म्हटलं. त्याने उपासाच्या मोठ्या दिवसाला 'किपूर' म्हटलं, त्यांनी 'दारफाळणी' म्हटलं, कारण त्या दिवशी दारं बंद करून घरात बसायचं. नातवाने हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. त्याने तो म्हणून पाहिला, पण 'ळ' त्याच्या जिभेवर बसेना. आजींनी त्याची हनुवटी धरून जीभ कुठे लावायची ते दाखवलं, तीनदा. तिसऱ्यांदा जवळजवळ जमलं.

माझा प्रबंध त्या जेवणातून निघाला. त्याआधी मी पाणीवाटपावर लिहिणार होते.

ह्याच बेरशेबात १९५१-५२ मध्ये बेने इस्रायली लोकांनी 'आम्हाला भारतात परत पाठवा' म्हणून आंदोलन केलं होतं. रंगावरून वेगळी वागणूक मिळते, आम्हाला काळा पाव खा म्हणतात, अशी त्यांची तक्रार होती. तेल अवीवला धरणं धरलं, शंभराहून जास्त लोक खरोखर परत आले. त्यातले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले, आणि मला हे परत जाणंच जास्त विचारात पाडतं. मग १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायलीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. दोन वर्षं ही लढाई चालली. १९६४ च्या उन्हाळ्यात लोक मुलाबाळांसह जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव करून ते सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत असं सांगितलं आणि फर्मानातून त्यांचं नाव निघालं. इंग्रजी ग्रंथांत हे दोन-चार पानांत उरकतात. ज्यांनी ते धरणं धरलं ते आपसात मराठीत बोलत होते, घरी पत्रं मराठीत लिहीत होते. ती वाचणारं माणूस हवंय.

पेणकरीण

कुंडलिकाकाठ ताई, दारफाळणी वाचून अंगावर काटा आला. ब्लॅक पँथर्स, धरणं हे वर्गात शिकवतात म्हणजे प्रचाराची भीती तितकीशी खरी नाही. पण हे सगळं ज्यूंमधलं झालं. पॅलेस्टिनी लोकांबद्दल काय? त्यावर उघड बोलता येतं का?

चार्ल्सकाठ

मी बोस्टनला असतो. अमेरिकेतही हा विषय शिकता येतो: वॉल्थमच्या ब्रँडाइस विद्यापीठात इस्रायल अभ्यासाचं केंद्र आहे, वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत १९९८ पासून आहे. भारतात सोनीपतच्या जिंदल विद्यापीठात आहे, आणि जेएनयूच्या पश्चिम आशिया विभागात इस्रायलवर चांगलं काम झालंय. तिथला धोका नको असेल तर हे मार्ग खुले आहेत. खर्च मात्र इथे फार.

कुंडलिकाकाठ

पेणकरीण, बोलता येतं. निदान माझ्या वर्गात येत होतं. मी २०१९ पर्यंतचंच सांगू शकते.

१९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोकांची घरं-गावं सुटली. काही पळाले, काहींना हाकललं. १९८० च्या दशकात सरकारी दफ्तरं खुली झाली तेव्हा इस्रायली इतिहासकारांनीच ती कागदपत्रं काढून मांडली. त्यातले बेनी मॉरिस अनेक वर्षं बेन-गुरियन विद्यापीठातच शिकवत होते. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली, ती टीकाही आम्ही वाचली. इस्रायलमधल्या अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता, म्हणजे गावाबाहेर जायला परवाना लागायचा, हेही अभ्यासात होतं. आज ते लोकसंख्येच्या पाचवा हिस्सा आहेत.

पण वर्गात वाचणं आणि दिसणं यांत फरक आहे, हे मात्र कळकळीने सांगते. बेरशेबाहून कुठल्याही दिशेला निघालीस की पत्र्याची घरं दिसतात, रस्ता नाही, विजेची तार नाही. ही बेदुईन (मूळच्या भटक्या) अरबांची सरकारी मान्यता नसलेली गावं. विजेच्या मोठ्या तारा काही ठिकाणी त्यांच्या डोक्यावरून जातात. माझ्या वर्गातली, राहात नावाच्या बेदुईन शहरातून येणारी एक मुलगी अशाच एका गावात मोठी झाली होती. ती तीन भाषांत विचार करायची आणि चर्चेत नेहमी शेवटी बोलायची, फार थोडं. एकदा प्राध्यापकांनी 'वाळवंट फुलवलं' हे वाक्य वापरलं. ती म्हणाली, "माझे आजोबा तिथे जव पिकवत होते." प्राध्यापकांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि उरलेला तास त्यावरच घेतला. तिथे गेलीस तर अशांच्या शेजारी बस. जमलं तर अरबीची अक्षरंही शीक. मी शिकले नाही, ती माझ्या प्रबंधाची मोठी उणीव राहिली.

पुढे काय, हे विचारलं होतंस. ह्या पदवीवर सरळ नोकरी मिळत नाही. माझी कॉलेजची नोकरी इतिहासाच्या एम.ए.वर आणि बी.एड.वर मिळाली. पण हिब्रू पक्की झाली तर भाषांतर, संशोधन, पत्रकारिता यांत माणसं कमी आहेत, आणि हिब्रू-मराठी दोन्ही येणारी तर बोटांवर मोजण्याइतकी. शिष्यवृत्तीची चौकशी आत्तापासून कर, कागदपत्रांना वेळ लागतो. माझं एक प्रमाणपत्र एका कार्यालयात सात आठवडे पडून होतं आणि मी विमानात बसायच्या चार दिवस आधी हातात आलं.

अजून एक काम जायच्या आधी इथेच कर. पेणच्या त्या मशिदीत जा, जे कोणी देखरेख करत असतील त्यांच्याशी बोल. पुण्यात १८७४ मध्ये छापलेली मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाची पोथी, बघ, त्यात मात्सा (बिनखमिराची भाकरी) करण्याच्या चित्रात बायका साडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. सणांची जुनी नावं घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून घे. दिमोनाच्या माझ्या आजी आता नव्वदीच्या पुढे आहेत, फोनवर ऐकू कमी येतं, पण मराठीत मोठ्याने बोललं की ओळखतात. तुझं ठरलं की मला निरोप कर, मी त्यांना सांगून ठेवते की पेणची एक मुलगी येणार आहे. येताना वाल आण म्हणतील. कडवे आण, तिथे मिळत नाहीत.