जीप: पुली आणि रेडिएटरमध्ये फक्त ७० मिमी, फॅन कुठला बसेल?

डिचोलीची_जीप:
जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलंय. पाण्याच्या पंपाच्या पुलीपासून रेडिएटरच्या जाळीपर्यंत ७० मिमी जागा उरली. जाळी ४८० × ४०० मिमी, पुढे ग्रिलपर्यंत ८५ मिमी. १२ इंची स्लिम फॅन मोटरपाशी ६३ मिमी भरतो. एसी नाही. चोर्ला घाट चढताना आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तापमानाचा काटा वर जातो, सपाट रस्त्यावर ठीक. मागे जागा नाही म्हणून फॅन पुढच्या बाजूने लावू का?

जाळीवाला:
सपाटीवर ८० च्या वेगात काटा जागेवर असेल तर जाळी आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बहुधा ठीक आहेत, कमी पडतेय ती हवा. म्हणजे फॅनचंच काम आहे.

पुढे मात्र लावू नका. वेगात येणारी हवा मोटर आणि फ्रेम अडवतात, शिवाय पावसाचा चिखल थेट मोटरवर. आणि मागचाच फॅन पुढे लावून वायर उलट्या जोडायचा जुगाड तर नकोच. हवा उलटी फिरते, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला राहतो, जोर बराच कमी होतो.

६३ मिमी फक्त मोटरच्या पोटाशी असतात, कडेला फॅन बराच पातळ असतो. म्हणून एका १२ इंचीऐवजी ९ इंची दोन शेजारी-शेजारी घ्या. २२९ दुणे ४५८, जाळीत बसतात. दोन्ही मोटरी डाव्या-उजव्या गेल्या की पुली मधल्या खोबणीत येते. पुठ्ठ्याचे दोन गोल कापून आधी धरून बघा, आल्टरनेटरचा बेल्ट कुठल्या बाजूने जातो तेही.

फोंड्याचा_फिटर:
त्याआधी रेडिएटर २० मिमी पुढे सरकवा. ब्रॅकेटची भोकं लांबट करून रबरी बुशवर बसवायचा. पुढे ६५ मिमी उरतात, चालतं. मागे ९० होतात.

फॅन जाळीला चिकटवून लावला तर फक्त गोलासमोरची जाळी थंड होते. १२ इंची गोल ७३० चौ. सेंमी, जाळी १९२०, म्हणजे ३८ टक्के. १ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा श्राउड (सगळ्या जाळीची हवा फॅनकडे नेणारा डबा) करा, जाळीपासून २० मिमी लांब, कडेने रबरी पट्टी. कोपऱ्यांत टायरच्या ट्यूबच्या झडपा मागे उघडतील अशा ठेवा, नाहीतर वेगात श्राउडच हवा अडवतो. जाळीतून आरपार जाणारे प्लास्टिकचे टाय मात्र नकोत. घासून नळीला भोक पडतं.

पुलीसमोर निदान २५ मिमी मोकळे ठेवा. बंद गाडीत टेपने मोजलेलं फसवतं. ब्रेक मारला की इंजिन माउंटवर पुढे झुकतं, माउंट जुने असतील तर जास्तच.

रिले_८७:
वायरिंग: प्रत्येक फॅनला वेगळा ४० अँपिअर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), २० अँपिअर फ्यूज, २.५ चौरस मिमी वायर. रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरी फ्यूजमधून, ८७ वरून फॅन. अर्थ बॉडीला नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत बॉडीचा बोल्ट लवकर गंजतो. रिलेचं तोंड (पिनांची बाजू) खाली.

थर्मोस्टॅट ८८ अंशांना उघडणारा असेल तर फॅनचा सेन्सर ९५ ला चालू, ९० ला बंद असा. ८५ ला बंद होणारा घेतला तर फॅन थांबतच नाही.

डॅशबोर्डवर फॅन बंद करायचा एक स्विच हवाच. पावसाळ्यात पाण्यात गाडी घालण्याआधी तो पाडायचा. फिरती पाती पाण्यात वाकतात आणि पुढे जाळीला लागतात.

डिचोलीची_जीप:
पुठ्ठा धरून पाहिला. बेल्ट डावीकडच्या मोटरवरून जातो, तिथे १४ मिमीच उरतात.

जाळीवाला:
मग डावा फॅन वर किंवा खाली ४० मिमी सरकवा. जाळी ४०० उंच आहे, जागा भरपूर. रेडिएटरचा खालचा होज पाईप किती सैल आहे ते आधी बघा, रेडिएटर पुढे गेला की तोच ताणला जातो.